डोकं कुणापुढे वाकवायचं

बुधवार, रात्री

आमच्या पाळीव पक्ष्यानं, गुंड्यानं, आज मावशींपुढे डोकं वाकवलं आणि दुपारपासून माझं कशात लक्ष नाही. लिहिल्यावर हे वाक्य अगदीच हास्यास्पद दिसतंय. दिसू दे.

मावशी पोळ्या आटपून हात धुऊन बाहेर आल्या. हा पिंजऱ्याच्या दारावर फुगून बसलेला. "काय रं मेल्या, अंगात काटं आलं व्हय?" म्हणाल्या आणि पदराला हात पुसता पुसता त्याच्या गालावरच्या केशरी ठिपक्यामागची नव्या पिसाची एक नळी दोन बोटांत धरून चोळली. पांढरा भुगा खाली पडला, आतून पिवळं पीस उलगडलं. यानं तुरा खाली केला, डोळे मिटले आणि मान वळवून दुसरा गाल पुढे केला. आता इकडची, म्हणून!

मावशींना पक्षी आवडतही नाहीत. "नुसतं शिटतंय" हे त्यांचं त्याच्याबद्दलचं एकमेव मत.

संध्याकाळी मी गेले. बोट अजून वीतभर लांब होतं तेवढ्यात तुरा डोक्याला चप्प बसला, चोच उघडली आणि फिस्स! मग पाठ फिरवली. चावला असता तरी चाललं असतं. पाठ फिरवणं जास्त लागलं.

त्याचे हाल मला दिसत नाहीत असं नाही. डोकं, मान, हनुवटी, सगळीकडे बारीक शेवेच्या तुकड्यांसारख्या नळ्या उभ्या आहेत. प्रत्येक नळीत एक गुंडाळलेलं पीस. वाढत असतं तोवर बुडाशी रक्त खेळतं, तिथं काळसर निळं दिसतं आणि हात लागला की कळवळतो. पीस तयार होत आलं की रक्त मागे हटतं, नळी पांढुरकी, कोरडी होते. मग तीच इतकी खाजते की पठ्ठ्या दांडीवर डोकं घासत बसतो. पंख, पोट, शेपटी चोचीनं साफ करतो. डोक्यापर्यंत चोच कशी पोचणार? जोडीनं असते तर दुसऱ्यानं केलं असतं. अभय म्हणतो, मग आणू या ना दुसरा. दुसरा आणायचा म्हणजे... नको, आत्ता तो विषय नको.

तर जोडीदाराचं काम माणसानं करायचं. आणि ते माणूस मी, असं मी धरून चालले होते.

का धरू नये? सकाळी बारीक फवारा कोण मारतं? या उन्हाळ्यात नळ्या वाळून कडक होतात, पाण्यानं जरा मऊ पडतात. एक दिवसाआड उकडलेलं अंडं कोण कुस्करून देतं? पीस म्हणजे जवळजवळ सगळं केराटिन नावाचं प्रथिन, मग प्रथिनं पोटात गेल्याशिवाय येणार कुठून? राळं चाळणं, समुद्रफेस बदलणं, सात वाजता पिंजऱ्यावर चादर टाकून टीव्हीचा आवाज कमी करणं (पिसं झडण्याच्या दिवसांत दहा-बारा तास झोप हवी), टीव्हीच्या काळ्या टेबलावरची त्याची पांढरी पावडर पुसणं. चुकून ओली नळी तुटून रक्त आलंच तर दाबायला कॉर्नफ्लॉवरची डबीसुद्धा खणात तयार आहे. मावशींना विचारा, ती डबी कशाला आहे. मंचुरियनला म्हणतील.

मलाच का नाही?

तळमजल्यावरच्या काकांनी आज परत विचारलं, "तुमचा पोपट बोलायला लागला का?" मी परत सांगितलं की काका, आपला हिरवा पोपट घरात ठेवायला 1972 च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे, हा कॉकाटील, मूळचा ऑस्ट्रेलियाचा, काकाकुवांच्या घराण्यातला सगळ्यात छोटा, हा शिट्ट्या मारतो. "हां हां. पण बोलतो का?" नाही काका. माझ्याशी तर अजिबातच नाही.

ताईचा फोन येऊन गेला. तेच सगळं. असो.

जेवणानंतर मात्र एक गोष्ट लक्षात आली आणि जरा हसूच आलं. नखं कापायची असली की टॉवेलात कोण गुंडाळतं? मी. जंताचं औषध चोचीच्या कडेनं कोण सोडतं? मी. डॉक्टरांकडे नेताना छोट्या पिंजऱ्यात कोण कोंबतं? अभय तर गाडी काढतो म्हणून आधीच खाली पळतो. म्हणजे या घरातली नको असलेली सगळी कामं ज्या हातानं होतात तोच हात हा. दुखऱ्या डोक्याकडे तो येताना दिसला की तुरा चप्प होणारच. मी गुंड्या असते तर चावलेच असते. मावशींचा हात त्याला फक्त पोळीचा तुकडा आणून देतो. आयुष्यात त्यांनी त्याला कधी पकडलेलं नाही. वर गंमत अशी, की काळ्या बुडाच्या नळ्यांना हात लावू नका हे सांगायला मी तोंड उघडलं, तर त्याच म्हणाल्या, "ती नगं, वली हाय अजून. दुखल त्याला." कुठलाही व्हिडिओ न बघता.

हे सगळं पटलं. तरी अधूनमधून तो मिटलेला डोळा आठवतो आणि परत तेच. एकदा तरी माझ्यापुढे वाकव की रे.

जाता जाता मावशी म्हणाल्या, "ताई, उद्या-परवा येत नाय, गावाकडं जत्रा हाय." एरवी मी कपाळाला हात लावते, पोळ्यांचं काय, डब्याचं काय. आज म्हटलं, "जा जा, सावकाश या. हवं तर शनिवारपण घ्या." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

डाव्या डोळ्यावरच्या दोन नळ्या उद्यापर्यंत पांढऱ्या होतील असं दिसतंय. दांडीवर घासून निघण्यातली ती जागा नाही. बघू किती वेळ पाठ फिरवून बसतो ते.