भद्रावतीची माती आणा, पण माजरीकडून परतू नका

सुरुवातीलाच सांगते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीहून मातीचं सामान घेऊन वणीकडे यायचं असेल तर वरोऱ्यावरूनच या. माजरी-कुचन्याच्या कोळसाखाणींकडून नाही. कुणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी नाही. आम्ही चोवीस ग्वालिनी, म्हणजे दिवाळीच्या मातीच्या बाहुल्या, घेऊन निघालो होतो, घरी पंधरा धड पोचल्या. बाकीच्यांचे हात गेले, दोघींच्या डोक्यावरची पणतीच उडाली. पणत्यांमधल्या अकरा फुटल्या त्या वेगळ्या. हे सगळं पंधरा किलोमीटर वाचवण्यापायी.

आमचं गाव वणीच्या पुढे, यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगाव तालुक्यात. दिवाळीचं अंगण मी दरवर्षी घरच्या वस्तूंनीच सजवते. गेरूचा पट्टा, पांढऱ्या मातीची बोटं, कामट्यांचा आकाशकंदील, तुळशीभोवती पणत्या. मागच्या वर्षी ग्वालिनीही घरीच करायचं मनात आलं. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते, लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे लक्ष्मीजवळ मातीची ग्वालीन ठेवतात, डोक्यावर आणि हातांवर पणत्या घेतलेली, आणि पुढे लाह्या-बत्तासे. तर मी आमच्याच वावरातली काळी माती आणली, मळली, सहा ग्वालिनी केल्या. तिसऱ्या दिवशी एक सोडून सगळ्यांना कमरेपासून तडे. जी एक वाचली ती भाजल्यावर आठवड्याने अंगावर पांढरे फोड येऊन ढलप्या सोडायला लागली.

कारण यंदा कळलं. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना तितकीच आकसते, उन्हाळ्यात वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच गुणामुळे. शिवाय आपल्या मातीत चुनखडीचे खडे असतात. भाजल्यावर त्यांचा कळीचा चुना होतो, तो हवेतला ओलावा ओढून फुगतो आणि वरचा पापुद्रा फोडून बाहेर येतो. तेव्हा वावरातल्या मातीच्या नादी लागू नका. कपाशीला ती सोन्यासारखी आहे, ग्वालिनीला नाही.

म्हणून भद्रावती. लहानपणी शाळेच्या सहलीत गेले होते तेव्हापासून माझं हे आवडतं ठिकाण. कृष्णमूर्ती मिरमिरा या गांधीविचाराच्या माणसाने १९५०च्या दशकात तिथे ग्रामोदय संघ उभा केला आणि कुंभारकामाला नवं तंत्र दिलं. लाल मातीची भांडी आणि चिनी मातीचं काम, दोन्हींसाठी गावाचं नाव झालं. घर सजवायला आणखी कुठे जायची मला कधी गरज वाटली नाही.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी निघालो. रात्री भुलाबाईची गाणी झाली होती, तिची ज्वारीच्या धांड्यांची खोपडी अजून अंगणातच होती. बहिणीचा मुलगा, म्हणजे माझा भासा, मोटारसायकल घेऊन आला. सोयाबीन निघालं होतं, कापसाची सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, होऊन पहिला वेचा सुरू व्हायचा होता, म्हणून त्याला तो एकच दिवस मोकळा. हाच दिवस का, तर कोजागिरीपासून लक्ष्मीपूजनाला पंधरा दिवस उरतात. माती भिजवणं, गाळणं, घडवणं, सुकवणं, भाजणं एवढ्याला ते जेमतेम पुरतात. नुसतं विकत घ्यायचं असेल तर उशिरा गेलात तरी चालेल. घरी करायचं असेल तर दसऱ्यानंतर लगेच जा.

जाताना वणी, पाटाळ्याचा वर्धा नदीवरचा पूल, वरोरा, आणि तिथून महामार्ग. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पावसाळ्यात जाणार असाल तर पाटाळ्याच्या पुलाची चौकशी करून निघा, पुरात तो बंद होतो. वरोऱ्याला आनंदवनात थांबलो. बाबा आमट्यांनी १९४९ साली सुरू केलेलं काम आहे. तिथल्या माणसांच्या हातची सतरंजी घेतली. एसटीने येणाऱ्यांनी वरोऱ्याला उतरून चंद्रपूरकडची गाडी धरावी. रेल्वेने येणार असाल तर तिकीट भांदकचं काढा, भद्रावतीच्या स्टेशनाचं नाव भांदक आहे. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत.

आता लुबाडणुकीचं. गावात शिरताना रस्त्यालगत एका दुकानात ग्वालिनी मांडल्या होत्या. साठ रुपयाला एक. दुकानदार म्हणाला, "ताई, इथलीच माती, इथलीच भट्टी." भास्याने दोन घेतल्याही. मला वजन हलकं वाटलं. बोटाला थुंकी लावून तळाशी घासलं तर बोट लाल झालं आणि खाली पांढरं दिसलं. साचातलं प्लास्टर, वरून गेरूचा हात! परत करायला गेलो तर घेईना. एकशेवीस रुपये गेले. एवढ्या जुन्या कुंभारांच्या गावात प्लास्टर विकायचं आणि तेही भद्रावतीच्या नावाने, याचा मला आजही संताप येतो.

तुम्ही फसू नये म्हणून सांगते. वस्तू दोन बोटांवर तोलून धरा आणि नखाने टिचकी मारा. नीट भाजलेली माती खणखणीत वाजते. बद्द आवाज आला तर कच्ची आहे नाहीतर तडा आहे. तळाला रंग नसतो तिथे पाण्याचा थेंब टाका, भाजलेली माती तो शांतपणे पिऊन टाकते आणि ओला हात लाल होत नाही. नखाने पांढरी भुकटी निघाली तर ठेवून द्या. चकचकीत ऑइलपेंट मारलेल्या पणत्या तर घेऊच नका. वात खाली आली की रंग जळतो आणि देवघरात त्याचा वास भरतो.

मग विचारत विचारत कुंभारांच्या घरांकडे गेलो. एका ओसरीत एक आजी पणत्या पालथ्या घालून मांडत होती. तशीच ग्वालीन, पण खरी, पंचवीस रुपयाला. चोवीस घेतल्या, निम्म्या आमच्या आणि निम्म्या शेजारणींच्या. पणत्या साठ. मी वावरातल्या मातीचं सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, "वावरातली नाही चालत जी. तळ्याचा गाळ पाहिजे." तिने आपल्या ढिगातला एक गोळा घेतला, करंगळीएवढी वळी केली आणि माझ्या बोटाभोवती गुंडाळली. एक चीर नाही. "अशी गुंडाळली पाहिजे. तडकली तर समजा घडवता येत नाही." चार घमेली मातीला एक घमेलं बारीक रेती आणि चाळलेली राख, हे प्रमाणही तिनेच सांगितलं. वीस किलो मळलेली माती तिने दीडशे रुपयात दिली. सगळ्या प्रवासात दीडशे रुपयाचं एवढं मोल दुसरीकडे कुठेच झालं नाही.

भट्टी कधी उघडणार ते आधी विचारून मग गावात फिरा. आम्ही गेलो तेव्हा नुकतीच उघडलेली, म्हणून निवडायला मिळालं. भट्टी पेटलेली असताना गेलात तर मागच्या खेपेचं उरलंसुरलं पदरात पडेल. ग्रामोदय संघाचं काम पाहून आलो, विजासनच्या लेण्या वरवर पाहिल्या, भद्रनागाला हात जोडले. दिवस छान गेला.

इथे दुसरी चूक, आणि ती माझीच. आजी म्हणाली होती, "कुटार असन तर कुटारात भरा." आमच्या घरी सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे मळणीनंतरच्या भुश्शाचा, ढीग पडला आहे, आणि मी एक पोतंही सोबत नेलं नव्हतं. चहाच्या टपरीवरून वर्तमानपत्रं घेतली, डाल्यात ग्वालिनी कागदात गुंडाळून रचल्या, डालं मागे बांधलं. मातीचं पोतं टाकीवर. तिथेच उभा असलेला एक माणूस म्हणाला, "इतकं सामान घेऊन वरोऱ्यावरून कायले फेरा घेता? माजरीकून काढा, पंधरा किलोमीटर वाचते. रस्ता मोकळा आहे." भास्याला पटलं. मलाही पटलं, कारण तीन वाजून गेले होते आणि अंधाराआधी घरी पोचायचं होतं.

मोकळा! सुरुवातीचा थोडा रस्ता बरा आहे, तेवढ्यात माणूस फसतो. मग कोळशाचे ट्रक सुरू होतात. समोरून भरलेले, मागून रिकामे, आणि रिकामे जास्त वाईट, कारण ते थांबत नाहीत. धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारलेलं होतं. त्याने धूळ बसली होती खरी, पण कोळशाची भुकटी आणि पाणी मिळून काळा राडा झाला होता आणि खड्डे त्याखाली गडप. चाक आत गेल्यावरच खड्डा कळायचा. प्रत्येक खड्ड्याला मागे डाल्यात "कट्" असा बारीक आवाज. मी मागे हात घालून डालं पोटाशी धरायला पाहत होते, तर भासा ओरडला, "मावशी, हलू नको, गाडी जाते!" ट्रकच्या ताडपत्रीखालून कोळशाचे खडे पडत होते. पुढे फाटक लागलेलं, मालगाडी जाईपर्यंत दोन्ही बाजूंना ट्रकांच्या रांगा आणि मधे आम्ही, तोंडाला ओढणी बांधून. पाटाळ्याच्या पुलाला लागेपर्यंत एक तास चाळीस मिनिटं गेली. जाताना भद्रावतीपर्यंतचा आख्खा रस्ता, आनंदवनचा थांबा सोडून, याच्यापेक्षा लवकर संपला होता. मान अजून दुखते.

चारचाकी असेल तर अंग वाचेल, माती वाचणार नाही. सायंकाळी उशिरा तर मुळीच जाऊ नका, त्या राड्यात समोरच्या दिव्यांनी काही दिसत नाही. माझ्या हिशेबाने हा रस्ता सामान घेऊन येणाऱ्यासाठी नाहीच.

घरी पोचल्यावर आणखी एक कळलं. मातीच्या पोत्याचं तोंड नीट बांधलेलं नव्हतं, वरच्या थरात कोळशाचे कण मिसळले होते. भाजताना असा कण जळून जातो आणि तिथे खळगा राहतो, पणतीच्या तळाला खळगा म्हणजे तेलाला वाट. म्हणून सगळी माती पुन्हा पाण्यात कालवली, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळली आणि निवळल्यावर राखेवर कापड पसरून त्यावर ओतली. दोन दिवस वाया गेले. तुम्ही माती आणाल तर ओल्या गोणपाटात गुंडाळून वरून प्लॅस्टिकच्या पोत्यात घाला आणि तोंड सुतळीने आवळा.

फुटलेल्या पणत्या मी फेकल्या नाहीत. खलबत्त्यात कुटून रेतीऐवजी तीच भरड मातीत मिसळली. एकदा भाजलेली माती पुन्हा आकसत नाही, त्यामुळे नवीन वस्तूला तडे कमी जातात. फुटलेल्या ग्वालिनी मात्र कुटवल्या नाहीत, तुळशीच्या बुडाशी ठेवल्या.

घडवताना एक ध्यानात ठेवा. सुकून-भाजून वस्तू साधारण दहाव्या हिश्शाने लहान होते, म्हणून डोक्यावरची पणती अंमळ मोठी करा, नाहीतर वात मावत नाही. हात आणि धड एकाच दिवशी जोडा. ओल्या धडाला सुकलेला हात चिकटत नाही. सावलीत सहा दिवस सुकवा, वाऱ्याच्या झोतात ठेवू नका. गालाला लावून पाहा, गार लागली तर आत ओल आहे, आणि ओली वस्तू आगीत गेली की वाफेने फुटते. मी अंगणामागे खड्ड्यात गोवऱ्या रचल्या, मधे वस्तू, वर पुन्हा गोवऱ्या आणि भोवती मागच्या वर्षीच्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या. पऱ्हाटी एकदम भडकते, म्हणून ती शेवटी लावायची. आधी दोन तास गोवऱ्या नुसत्या धुमसू द्या. आणि राख पूर्ण थंड होईपर्यंत, म्हणजे दुसऱ्या सकाळपर्यंत, उकरू नका. शेजारच्या काकूंनी घाई करून एक बाहेर काढली, हातात धरायच्या आत तिला उभी चीर गेली.

माझ्या दहापैकी आठ ग्वालिनी निघाल्या. खणखणीत. पहिली टिचकी मारली आणि आवाज ऐकला तेव्हा मी तिथेच राखेत बसले आणि भास्याला हाका मारत सुटले. मान, धूळ, एकशेवीस रुपये, सगळं त्या क्षणी विसरले होते. सडा टाकलेल्या ओट्यावर आठही जणी रांगेत उभ्या आहेत, एकीचं नाक जरा बसकं आहे, दोघी धुराने काळवंडल्या आहेत, आणि मला त्या विकतच्या पंधरांपेक्षा जास्त आवडतात.

नव्या पणत्या लावण्याआधी रात्रभर पाण्यात बुडवून मग सुकवा, म्हणजे त्या तेल कमी पितात. उरलेली पाच किलो माती ओल्या गोणपाटात मोरीजवळ आहे. ती तुळशीच्या लग्नाला लागेल. ती संपली की पुन्हा भद्रावतीला जाईन, दोन पोती कुटार घेऊन, येताना-जाताना वरोऱ्यावरून.