अंबाझरीच्या काठावर रॉकेटची सकाळ

विदर्भ एक्सप्रेस सकाळी नागपूरला पोचली. भाची स्टेशनवर घ्यायला आली होती. तर्री पोहे, वर चहा आणि तिथून थेट अंबाझरी तलाव. या शहरात आलं की खाण्यावरच पानं भरतात, पण या खेपेला सकाळ रॉकेटनं घेतली.

भाची इथेच व्हीएनआयटी या इंजिनीअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला आहे. काठावर बसल्यावर तिनं सॅकमधून एक काळा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. कार्बन फायबर! वजन जाणवेचना. वर तिरपी वीण, कापलेल्या कडेला थरावर थर. बोट फिरवलं तर कुसळासारखं टोचत होतं. वाकवून पाहिलं, जराही हललं नाही.

"मामा, न्यूट्रॉनचं धड याचंच आहे."

न्यूट्रॉन म्हणजे रॉकेट लॅब या कंपनीनं २०२१ मध्ये जाहीर केलेलं मध्यम क्षमतेचं रॉकेट. पहिला, म्हणजे खालचा टप्पा परत आणूनही पृथ्वीनजीकच्या कक्षेत १३ टन न्यायचे, असा बेत. दुसरा टप्पा मात्र परत येत नाही. "काऊन?" मी तिच्याच बोलीत विचारलं. पहिला टप्पा सुटतो तेव्हा वेग सेकंदाला दोन-अडीच किलोमीटर असतो, कक्षेत पोचलेल्या दुसऱ्याचा पावणेआठ. वेग तिप्पट, म्हणजे उतरताना जिरवायची ऊर्जा किलोमागे नऊपट. त्यासाठी उष्णता अडवणारं कवच लावलं, तर त्याचा किलो न् किलो उपग्रहाच्या वाट्यातून जातो. डिसेंबर २०१५ मध्ये पहिल्यांदा परत उतरलेल्या स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटचाही खालचाच टप्पा येतो.

मला सगळ्यात आवडलं ते न्यूट्रॉनचं टोपण, म्हणजे टोकाला उपग्रह झाकणारं कवच. ते समुद्रात पडत नाही, पहिल्या टप्प्यालाच जोडलेलं राहतं. उघडतं, दुसरा टप्पा उपग्रहासकट बाहेर पडतो, की पुन्हा मिटतं. तोवर दुसरा टप्पा आतच टांगलेला, वाऱ्याचा मारा त्याला नाही. फेकायचाच आहे ना, मग होईल तितका हलका! काय परत आणायचं, काय सोडायचं, हे आधी ठरवून मग रॉकेटचा आकार काढलाय. याचं मला फार कौतुक वाटतं.

भाचीला घोर टाकीचा, तीही कार्बन फायबरचीच. आतला द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशांचा. थंडीनं धागे आणि त्यांना चिकटवणारं रेझिन सारखे आकसत नाहीत, मग बारीक भेगा पडतात. नासाच्या एक्स-३३ या प्रायोगिक यानाची कार्बनची हायड्रोजन टाकी १९९९ च्या चाचणीत अशाच भेगांतून वायू शिरून फाटली होती. इथे तर तीच टाकी पुन्हा पुन्हा भरायची.

तिचा प्रोजेक्ट त्यावरच आहे: नमुने द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचे, काढायचे, भेगा मोजायच्या. दुपारी कॉलेजात तिनं मला सूक्ष्मदर्शकाखाली एक भेग दाखवली. एकाच थरात उभी गेलेली, पुढच्या थराशी थांबलेली.