रेडीचा तांबडा व्हाळ

तुतारी एक्सप्रेसने सावंतवाडीला उतरले आणि एसटीने शिरोड्यावरून रेडीला पोचले. नोव्हेंबर असूनही ऊन रणरणत होतं. मी चंद्रपूरची. खाण म्हटलं की मला दगडी कोळसा, काळी धूळ आणि इरई नदीच्या काठाला ओतलेले मातीचे डोंगर आठवतात; आमच्याकडे त्यांना नुसतं 'ओबी' (ओव्हरबर्डन, कोळशावरून काढून टाकलेली माती) म्हणतात. इथे कोळसा नाही, लोहखनिज. त्यामुळे सगळं तांबडं : गडगे, काजूची पानं, एसटीच्या काचासुद्धा.

रेडीत आधी गणपतीला जायचं असतं, तशी गेले. 1976 मध्ये खाणीवरच्या एका ट्रक ड्रायव्हरला स्वप्न पडलं आणि तिथे खणल्यावर ही दोन हातांची मूर्ती सापडली, असं सांगतात. उंदीर मागाहून सापडला. खाणीतून निघालेल्या गोष्टींपैकी हिच्याबद्दल तरी कुणाची तक्रार ऐकली नाही.

मैत्रिणीची वाडी गावापासून थोडी आत. तिथला व्हाळ, म्हणजे ओढा, एका जुन्या, बंद पडलेल्या खाणीच्या अंगाने येतो. पावसाळ्यात उघड्या ढिगांची माती व्हाळात, व्हाळातून कुणग्यांत, म्हणजे भाताच्या वाफ्यांत. भाताच्या मुळांवर चिखलाचा थर बसतो, वाळला की त्याच्या खपल्या होतात. वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतरची भातशेती तर बहुतेकांनी सोडूनच दिलेली, कारण गाळाने भरलेल्या डोहांत उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकत नाही.

रविवारी सकाळी व्हाळावर बांध घालायच्या श्रमदानाला तीसेक माणसं. मुंबईहून रजा काढून आलेले दोघं, कॉलेजची पोरं, आणि निम्म्याहून जास्त बायका. मी कुणग्यांजवळच्या बंधाऱ्याच्या जागेकडे निघाले, तर काम सांगणाऱ्या तात्यांनी हटकलं.

"खयसून इलंस गो?"

"चंद्रपूर."

"मगे तुका ठावक असतला. पयलो बांद वर, खाली मगे."

पाणलोटाच्या कामात 'माथा ते पायथा' म्हणतात ते हेच. वरच्या घळींत दगड रचून पाण्याचा वेग मोडायचा, म्हणजे गाळ तिथेच बसतो. तो न अडवता खाली बंधारा घातला, तर पहिल्याच वर्षी बंधारा मातीने भरणार. त्यामुळे सकाळभर आम्ही कातळावरून दगड उतरवले. सुट्या दगडांचा बांध, सिमेंट नाही. दिसायला सोपं आहे. तात्यांनी माझा अर्धा बांध उपसून पुन्हा लावायला लावला. मोठे दगड खाली, बारके फटींत, आणि मध्ये थोडा खोलगट भाग, पाणी काठ न खाता तिथूनच जावं म्हणून.

मग पेज, खाराची कैरी, आणि सावलीत जरा पडणं. त्यावर लिहिण्यासारखं एवढंच की दोन वाडगे झाले.

दुपारी खालचा वनराई बंधारा. हे नाव मोहन धारियांच्या 'वनराई' संस्थेमुळे रूढ झालं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, सुतळीने तोंड शिवायचं, आणि विटांसारखे सांधे चुकवत आडव्या रचायच्या. मी गोणी ठासून भरत होते. "गच्च भरू नको गो, बसाची नाय," शेजारची बाई म्हणाली. खरंच, पोटाशी थोडी सैल ठेवलेली गोणीच खालच्या गोणीवर पसरून नीट बसते. संध्याकाळपर्यंत बंधाऱ्यामागे गुडघाभर पाणी चढलं. पावसाळ्याआधी तो काढायचा, साठलेला गाळ घमेल्यांनी उपसायचा, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा घालायचा. दर वर्षी! मला हे ऐकूनच थकवा आला.

आदल्या रात्री अवकाळी सर पडून गेली होती. श्रमदान सुरू व्हायच्या आधीच मी वरच्या घळीतलं पाणी बाटलीत भरून घेतलं होतं. ती बाटली रात्री पडवीत ठेवली. आमच्या खाणपट्ट्यात वाढल्यामुळे मला एक भीती होती. कोळशाच्या थरांत बऱ्याचदा पायराइट असतं, लोह आणि गंधकाचं खनिज. खाण उघडली की हवापाणी लागून त्याचं आम्ल होतं. लोह विरघळतं, आणि पुढे व्हाळाच्या दगडांवर नारिंगी थर धरतो. तसलं पाणी नुसतं अडवून सुधारत नाही, ते चुनखडीतून फिरवून आधी आम्ल मारावं लागतं. असल्या पाण्यात मासाच राहत नाही.

सकाळी पाहिलं तर बाटलीच्या तळाशी बोटभर तांबडी माती, वर निवळ पाणी. शिवाय बंधाऱ्याजवळ पोरांनी आदल्या दिवशीच बारके मासे दाखवले होते. म्हणजे इथली लाली बहुधा मातीचीच, आम्लाची नव्हे. माझी प्रयोगशाळा एवढीच.

तात्यांनी बाटली उन्हात धरून बघितली, वरचं पाणी अबोलीच्या मुळाशी ओतलं. गाळ झटकायला मी व्हाळाकडे वळले, तशी त्यांनी बाटली माझ्या हातातून काढून घेतली.

"थयसून काल काढलंस मा? परत थयच खय टाकतंस?"