टीबीच्या गोळ्या आणि ईसीजीचे हेलपाटे (माझा अनुभव)

मला एमडीआर टीबी (नेहमीच्या मुख्य गोळ्यांना दाद न देणारा) निघाला आणि सहा महिन्यांचा नवीन कोर्स सुरू झाला, बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन, आपल्याकडे २०२४ ला मान्यता मिळालेला. उलट्या, पायाला मुंग्या यावर सगळेच लिहितात, मी ईसीजीबद्दल लिहितो कारण माझी खरी टरकली ती तिथे.

गोळ्या सुरू व्हायच्या आधी एक ईसीजी, मग ठरलेल्या तारखांना परत परत. मे महिन्यात एकदा, सोलापूरचं ऊन काय सांगायला नको, भर दुपारी जिने चढून गेलो ते तसाच टेबलावर आडवा झालो. घामाने छातीवरचे रबरी फुगे सारखे सुटत होते, टेक्निशियन वैतागून "दादा हलू नका ओ". कागदावर छापून आलं क्यूटीसी ४९० मिलिसेकंद. क्यूटी म्हणजे एका ठोक्यात हृदयाला आकुंचन पावून परत तयार व्हायला लागणारा वेळ, आणि क्यूटीसी म्हणजे तोच ठोक्यांच्या वेगानुसार दुरुस्त केलेला. ५०० च्या वर गेलं की गोळी बंद करतात हे मी आधीच वाचून बसलेलो, म्हटलं संपलं आता.

डॉक्टर मॅडमनी मशीनचा आकडा बाजूला ठेवला, पेन घेऊन कागदावरचे बारके चौकोन मोजले. एक चौकोन ४० मिलिसेकंद, माझे भरले साडेनऊ, म्हणजे ३८०. पण ठोके १०० चालले होते आणि ठोके वाढले की क्यूटी आपोआप आखडतो म्हणून आकडा दुरुस्त करून घ्यावा लागतो, मशीन त्याला बॅझेटचं सूत्र लावतं जे जलद ठोक्यांना आकडा फुगवतं. फ्रिडरिशियाच्या सूत्राने आले ४५०. पंख्याखाली बसवून परत काढला तर अजून खाली.

विचारलं, टीबी फुप्फुसात आणि तुम्ही हृदय का बघताय? तर ठोका झाल्यावर हृदयाच्या पेशीतनं पोटॅशियम बाहेर पडतं तेव्हा ती पुढच्या ठोक्याला तयार होते, काही औषधं ही वाटच अडवतात. क्यूटी फार लांबला तर ठोके वेडेवाकडे पडतात, माणूस चक्कर येऊन पडतो, कधी जातोही. टर्फेनाडिन ही अ‍ॅलर्जीची साधी गोळी, याच भानगडीत १९९८ ला अमेरिकेतून गेली. २००५ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनंतर नवीन औषध निरोगी लोकांना देऊन क्यूटी मोजायची पद्धत पक्की झाली, सरासरी ५ मिलिसेकंदाची वाढसुद्धा हातातून सुटू नये म्हणून. मोजणी नीट चाललीय का हे बघायला त्यात मुद्दाम एक क्यूटी वाढवणारं औषधही देतात, आणि ते बहुतेक वेळा मॉक्सिफ्लॉक्सासिनच! माझ्या पाकिटातली गोळी! मॅडम शांतपणे म्हणाल्या, टीबीचा धोका याच्यापेक्षा मोठा आहे, म्हणून तर मोजत मोजत देतोय.

खरा घोळ बाहेरच्या गोळ्यांचा. उलटी झाली की मेडिकलवाला डोमपेरिडोन काढून देतो, खोकल्याला अ‍ॅझिथ्रोमायसिन, दोन्ही क्यूटी वाढवणारी. उन्हाळ्यात जुलाब लागले तर पोटॅशियम, मॅग्नेशियम खाली जातं, त्याने अजून वाढतो, म्हणून रक्तही तपासायचे.

कोर्स संपलाय, शेवटचा ईसीजी चांगला आला. पण बेडाक्विलिन अंगातून निघायला कित्येक महिने घेतं, त्यामुळे अजूनही मेडिकलवर साधी गोळी घेताना आधी विचारतो, मग लोक लाईनीत मागे कितीही करवादू देत.