‘सिनेमा पॅराडिसो’च्या चौकात, बाबांबरोबर

माझे बाबा सातारा जिल्ह्यातल्या एका थिएटरात 29 वर्षं ऑपरेटर, म्हणजे प्रोजेक्टर चालवणारे, होते. ‘नुओव्हो सिनेमा पॅराडिसो’ हा एका ऑपरेटरचा आणि त्याच्या केबिनमध्ये रमणाऱ्या लहान मुलाचा इटालियन सिनेमा मी त्यांना पहिल्यांदा घरी दाखवला, तेव्हा गोष्टीबद्दल ते काहीच बोलले नाहीत. केबिनमधले प्रसंग तेवढे दोनदा मागे नेऊन पाहिले. मग म्हणाले, "हे गाव खरं आहे का?"

गाव खरं आहे. सिनेमात त्याचं नाव जान्काल्दो आहे, पण तो चौक इटलीच्या सिसिली बेटावरच्या पालात्सो आद्रियानो या गावाचा. दिग्दर्शक जुझेप्पे तोर्नातोरे सिसिलीची राजधानी पालेर्मोजवळच्या बागेरियाचे. सिनेमा 1988चा, 1990 साली त्याला परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. गेल्या सप्टेंबरात बाबांना घेऊन तिथे जाऊन आले. पुढे कुणी जाणार असेल, तर आम्ही चुकलो तिथे त्यांनी चुकू नये म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. तिथे ‘पॅराडिसो’ थिएटर नाही. ते चित्रीकरणासाठी चौकात उभारलं होतं आणि नंतर काढून टाकलं. थिएटरची इमारत शोधत फिरलात तर हिरमोड होईल. बघायचा तो चौक.

पालेर्मोहून गाव जेमतेम शंभर किलोमीटर, पण रस्ता डोंगरातला आहे आणि गावाला रेल्वे नाही. बसला दोन तासांहून जास्त लागतात. बसच्या वेळापत्रकातले तीन शब्द पाठ करून ठेवा. ‘फेरिआले’ म्हणजे कामाचा दिवस आणि त्यात शनिवारही येतो. मी तो सुट्टीचा दिवस समजले होते! ‘फेस्तिवो’ म्हणजे रविवार आणि सण, त्या दिवशी गाड्या फारच कमी किंवा नसतातच. ‘स्कोलास्तिको’ लिहिलेली गाडी शाळा चालू असतानाच धावते, त्यामुळे उन्हाळ्यात तिच्या भरवशावर राहू नका. परतीच्या गाडीची वेळ जायच्या आधीच विचारून लिहून घ्या.

स्वतः गाडी चालवणार असाल तर भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परमिट हवंच, ते निघण्यापूर्वी आपल्या आरटीओतून काढा. पालेर्मोच्या जुन्या भागात काही रस्त्यांवर बाहेरच्या गाड्यांना बंदी असते आणि कॅमेरे लावलेले असतात, दंड नंतर घरपोच येतो. म्हणून गाडी शहर सोडतानाच घ्यावी. गाडी असेल तर वाटेत प्रित्सी आणि बिसाक्विनो ही गावंही होतात. हॉलिवूडचा दिग्दर्शक फ्रँक काप्रा 1897 साली जन्मला तो या बिसाक्विनोत.

आम्ही पोहोचलो भर दुपारी दीडला. तीच चूक. दुकानं बंद, खिडक्यांची झापं लावलेली, चौकात एक कुत्रं आणि आम्ही दोघं. साधारण एक ते चार-साडेचार ही तिथली विश्रांतीची वेळ, तेव्हा गाव झोपलेलं असतं. बाबा कारंज्याच्या कट्ट्यावर सावलीत बसले. हे दगडी अष्टकोनी कारंजं 17व्या शतकातलं, सिनेमा पाहिलेल्याला लगेच ओळखू येतं. ‘चौक माझा आहे’ म्हणत लोकांना हुसकावणारा तो वेडा याच फरशीवर फिरतो.

थोड्या वेळाने बाबा उठले आणि चालायला लागले. आधी वाटलं पाय मोकळे करताहेत, पण त्यांचे ओठ हलत होते. पावलं मोजत होते. सिनेमात एका रात्री थिएटर भरून जातं, बाहेर राहिलेले लोक ओरडत असतात. तेव्हा म्हातारा ऑपरेटर अल्फ्रेदो केबिनमधला झोत वळवतो आणि चित्र सरकत सरकत खिडकीबाहेर पडून चौकातल्या घराच्या भिंतीवर जातं. बाबांना तो थ्रो, म्हणजे केबिनपासून भिंतीपर्यंतचं अंतर, मोजायचा होता. भिंत कुठली, केबिन कुठे होती हे आम्हाला नक्की ठाऊक नव्हतं. त्यांनी अंदाजाने एक भिंत धरली आणि चौक आडवा पार केला.

"जमेल," ते परत येऊन म्हणाले. "कार्बन नवे लावायचे आणि दोन्ही कांड्यांमधलं अंतर हातानं सांभाळत बसायचं. चित्र फिकट येईल, पण येईल." जुन्या प्रोजेक्टरमध्ये दोन कार्बनच्या कांड्यांमधल्या ठिणगीचा प्रकाश असायचा.

त्या दिवसांबद्दल त्यांना इतकं बोलताना मी क्वचितच ऐकलं आहे. वीसेक मिनिटांनी एका मशीनवरून दुसऱ्यावर जायचं, चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका दिसला की दुसरी मोटर चालू, पुढचा ठिपका दिसला की चेंजओव्हर. रीळ तुटलं तर ब्लेडने खरवडून जोड मारायचा, तोवर खाली शिट्ट्या. तो सगळा तास आम्ही त्या कट्ट्यावर काढला. दुपारी पोहोचलो याचं दुःख तिथेच संपलं.

पाच वाजता गाव उठलं. म्हणून माझा आग्रहाचा सल्ला: एक रात्र इथे राहा. सकाळी येऊन दुपारी परतणाऱ्यांना हा चौक भरलेला दिसतच नाही. खुर्च्या बाहेर आल्या, म्हातारे ठरलेल्या जागांवर बसले, पोरं सायकली घेऊन आली. सिनेमातल्या लहान मुलाचं, छोट्या तोतोचं, काम करणारा साल्वातोरे काशो याच गावचा, आणि गर्दीच्या दृश्यांतही गावातली पुष्कळ माणसं होती. गावात सिनेमाचं छोटं संग्रहालय आहे, त्यात चित्रीकरणाच्या वेळचे फोटो आहेत. ते कधी उघडं असेल हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा. इंग्रजी फारसं चालत नाही. ‘अपेर्तो’ म्हणजे उघडं, ‘क्युझो’ म्हणजे बंद, एवढ्यावर बरंच काम होतं. रोख पैसे जवळ ठेवा.

चौकात दोन चर्च आहेत, घाईत पुढे जाऊ नका. 15व्या शतकाच्या अखेरीस तुर्कांच्या आक्रमणापुढे अल्बेनियातून निघालेल्या लोकांनी हे गाव वसवलं. त्यांनी आपली ग्रीक पद्धतीची उपासना राखली, म्हणून एक चर्च त्या पद्धतीचं आणि दुसरं लॅटिन पद्धतीचं. पहिल्यात शिरलात की वेदीपुढे संतचित्रांची आडभिंत दिसते.

खाण्याचं शाकाहारी लोकांसाठी सांगते. भाताच्या तळलेल्या गोळ्याला पालेर्मोत ‘अरांचिना’ म्हणतात. त्यातला ‘अल बुर्रो’, म्हणजे लोण्याचा प्रकार नावावरून शाकाहारी वाटतो, पण त्यात बहुतेकदा हॅम असतं. विचारल्याशिवाय घेऊ नका. त्याऐवजी ‘पानेल्ले’ खा. चण्याच्या पिठाचं शिजवून थापलेलं, कापून तळलेलं आणि पावात घातलेलं. बाबांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "अगं, ही तर पाटवडी!" पुढचे तीन दिवस त्यांनी दुसरं काही मागितलं नाही. वांग्याचं आंबटगोड ‘कापोनाता’ही चांगलं.

जास्तीचा एक दिवस असेल तर चेफालूला जा. पालेर्मोहून लोकलसारखी ट्रेन आहे, तासाभराचा रस्ता. सिसिलीचा राजा रॉजर दुसरा याने 1131 साली सुरू केलेलं कॅथिड्रल तिथे आहेच, पण आम्ही गेलो ते जुन्या बंदरावर. समुद्राकाठी उघड्यावर सिनेमा चाललेला असतो आणि पाऊस येतो, तो प्रसंग इथला. संध्याकाळी जा, गावाच्या पिवळट दगडावर ऊन उतरतं तेव्हा.

बाबा धक्क्यावर बराच वेळ पाण्याकडे तोंड करून उभे होते. वारा चांगलाच होता.

"पडदा ताणायला त्रास झाला असेल," ते म्हणाले. मग लहानपणी जत्रेत पाहिलेल्या टुरिंग टॉकीजचं सांगू लागले. तंबूत पडदा मधोमध असायचा, पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. आजी त्यांना मांडीवर घेऊन बायकांच्या बाजूला बसायची, म्हणून त्यांनी पाहिलेल्या पहिल्या सिनेमातली सगळी अक्षरं उलटी होती.