स्लिपाट

लेकीच्या बाळंतपणाला म्हणून ओहायोत आले आणि रोज फिरायला मिळाली ती चक्क रेल्वेलाईन. सिनसिनाटीजवळच्या लव्हलँड गावातून, लिटल मायामी नदीच्या काठाकाठानं एक डांबरी वाट जाते. दुपारी बाळ झोपेना की त्याला बाबागाडीत घालायचं आणि निघायचं. पांढऱ्या खोडांचे सिकामोर, खाली नदी, आणि वर गुडघे अजिबात कुरकुरत नाहीत. हे कसं काय? उलगडा जावईबापूंनी केला. इथून पूर्वी आगगाडी जायची, १८४६ सालीच ती स्प्रिंगफील्डला पोचली होती. वाफेच्या इंजिनाला चढ झेपायचा नाही, म्हणून वाट अशी सपाट काढलेली. लाड इंजिनाचे झाले, सुख माझ्या गुडघ्यांना. ही वाट आता सव्वाशे किलोमीटर आहे म्हणतात. मी चौथ्या बाकावरून परत फिरते.

मागून सायकलवाले 'ऑन युवर लेफ्ट' असं ओरडतात. म्हणजे मी डावीकडून येतोय, तुम्ही उजवीकडेच राहा. मला त्यातलं फक्त 'लेफ्ट' ऐकू येतं आणि जन्माच्या सवयीनं मी बाबागाडीसकट डावीकडे. परवा एक आजोबा करकचून ब्रेक लावून थांबले. वर 'सॉरी'ही तेच म्हणाले.

पण सांगायचं होतं ते वेगळंच. रूळ जाऊन इतकी वर्षं झाली, वर डांबर आलं, तरी इथं माझं पाऊल आखूड पडतं. रुळांखालची आडवी स्लिपाटं शोधत असावं.

आम्ही बार्शीची. आमची छोटी रेल्वे, बार्शी लाईट, १८९७ सालची, दोन रुळांत अंतर अडीच फूट. शाळेतून येताना दादा आणि मी रस्ता सोडून लाईनीनं यायचो. स्लिपाटांचं अंतर माणसाच्या पावलाला धरून कधीच नसतं. एकेक घ्यावं तर चाल लंगडी, एक सोडून एक घ्यावं तर परकर फाटायची वेळ. दादा एक सोडून एक सहज टाकायचा आणि माझा पाय खडीला लागला की 'आऊट' द्यायचा. मी रोज आऊट. गाडी मागून आली तरी घाई नसायची. ड्रायव्हर आधी शिट्टी द्यायचा, मग शिव्या.

एकदा दप्तर दादाकडे दिलं, परकर खोचला आणि एक सोडून एक अशी चाळीस घेतली. एक्केचाळिसाव्याला चपलेचा अंगठा तुटला. दादानं स्वतःच्या बटणाची पिन काढून चप्पल नीट केली, पण चाळीस काही मान्य केली नाहीत. "सतराव्याला टाच टेकली होती," म्हणे. अजूनही मान्य नाहीत.

पुढं मोठे रूळ आले, गाडी उस्मानाबादवरून वळली. मधल्या जुन्या भरावावर आता वेड्या बाभळी आणि शेळ्या.

काल रात्री दादाला फोन लावला. तिकडे सकाळचा चहा चालला होता. म्हटलं, इथं लाईनीवरून रोज चार किलोमीटर चालते, एकदासुद्धा आऊट नाही.

"खडी आहे का?"

"नाही. डांबर आहे."

चहाचा एक घोट ऐकू आला.

"मग धरत नाहीत."