८० रुपयांची ट्यूब

परवा पुण्याहून भाचीचा फोन. "मावशी, तू चेहऱ्याला नक्की काय लावतेस गं? मम्मी म्हणते तू दहा वर्षांनी लहान दिसायला लागलीस." दहा वगैरे काही नाही, माझी बहीण कौतुकात हात सैल सोडते. पण दोन वर्षांपूर्वी याच बहिणीने एका साखरपुड्यात मला जिन्याखाली ओढून विचारलं होतं, "चेहरा भाजलाय का तुझा? खरं सांग." तेव्हा भाचीला फोनवर जे सांगून झालं नाही ते इथे लिहिते.

मी बार्शीत अल्पबचत एजंट आहे. पोस्टाच्या आरडीचे हप्ते घरोघर फिरून गोळा करायचे. पंधरा तारखेच्या आत एक पळापळ, महिनाअखेरीला दुसरी. बायका घरकाम उरकून मोकळ्या होतात त्या अकरानंतर, म्हणजे माझी फेरी अकरा ते तीन. बावीस वर्षं स्कूटीवर. सनकोट, स्कार्फ, हातमोजे सगळं असतं, पण कुणाच्या दारात गेलं की स्कार्फ सोडावाच लागतो, तोंड बांधून पैसे मागायला गेलं तर लोक काय म्हणतील? मे महिन्यात आमच्याकडे ४२-४३ अंश नेहमीचेच. चाळिशी उलटली आणि दोन्ही गालांवर वांग आले. आधी अंगठ्याएवढे, मग पसरत नाकाच्या दांडीपर्यंत.

एका पार्लरवालीने एक ट्यूब सुचवली. मेडिकलमध्ये मागितली, ८० रुपयांना मिळाली, चिठ्ठी कुणी विचारली नाही. आणि काय सांगू, आठ दिवसांत चेहरा असा उजळला की आमच्या ह्यांनी, जे लग्नाचा वाढदिवस विसरतात, त्यांनीसुद्धा विचारलं. वांग फिकट, त्वचा मऊ. मी ती चौदा महिने लावली. तीन जणींना सुचवलीसुद्धा, त्याची लाज अजून वाटते.

मग एकदा गावाला जाताना ट्यूब घरी राहिली. चौथ्या दिवशी चेहरा तापल्यासारखा लाल, पाणी लावलं तरी झोंबायचा. बारीक पुटकुळ्या, गालांवर लाल शिरांचं जाळं, हनुवटीवर लव. घरी येऊन पुन्हा लावली की दोन दिवसांत शांत. थांबवली की पुन्हा आग. तंबाखूसारखंच झालं म्हणायचं.

शेवटी एसटीने सोलापूर गाठलं, स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी चेहऱ्याकडे बघायच्या आधी हात पुढे केला, "ट्यूब आणलीय?" मागची बारीक अक्षरं मला वाचायला लावली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. पहिलं काळपटपणा कमी करणारं, दुसरं व्हिटॅमिन ए घराण्यातलं, तिसरं स्टेरॉइड. असं मिश्रण डॉक्टर वांगावर देतातही, पण मोजके आठवडे आणि लक्ष ठेवून. मी ते स्नोसारखं फासत होते. स्टेरॉइडने त्वचा पातळ होते आणि बंद केलं की उसळून येते. अशा चेहऱ्यासाठी डॉक्टरांकडे वेगळं नावच आहे, इतके येतात म्हणे. २०१८ साली अशा कितीतरी मलमांवर सरकारने चिठ्ठीची सक्ती केली, तरी माझ्यासारख्यांना ती मिळतातच. तुमच्या घरातल्या 'गोरेपणाच्या' ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल असलं काही दिसलं आणि ती डॉक्टरांनी दिलेली नसेल, तर दाखवून या. फार दिवस लावत असाल तर एकदम बंदही करू नका, मी घरच्या घरी तेच केलं होतं.

पुढचे चार महिने माझं रूटीन म्हणजे जवळजवळ काहीच न करणं. स्टेरॉइड हळूहळू कमी करत बंद केलं. साधा, बिनवासाचा, फेस न होणारा फेसवॉश, तोही फक्त रात्री. सकाळी नुसतं पाणी. दोन्ही वेळा ग्लिसरीन आणि सेरामाइडवालं मॉइश्चरायझर. साबण बंद, कारण साबण अल्कधर्मी, त्याचा पीएच नऊ-दहा, आणि आपली त्वचा पाचाच्या आसपास, थोडी आंबट. तोंड धुतल्यावर ओढल्यासारखं वाटतं ते मी इतकी वर्षं 'स्वच्छ' समजत होते.

आणि सनस्क्रीन. इथे मला जरा थांबायचंय.

"सनस्क्रीन लावता का?" या प्रश्नाला मी ताठ मानेने "हो, रोज" म्हटलं होतं. "५० ग्रॅमची ट्यूब किती दिवस जाते?" मी म्हटलं सात-आठ महिने. बाई हसल्याच. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत रेघ ओढायची, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. म्हणजे साधारण एक ग्रॅम. दिवसातून दोनदा लावलं तर ट्यूब पंचवीस दिवसांत संपली पाहिजे. मी हप्त्यांचा हिशेब ठेवणारी बाई, घरी येऊन भागाकार केला. मी लावत होते ते गरजेच्या एक दशांश. डब्यावरचा एसपीएफ ५०, म्हणजे उन्हापासून किती वाचवतं त्याचा आकडा, हा त्या जाड थरावर मोजलेला असतो, माझ्या पुसट हाताला त्यातलं फारसं काही मिळत नव्हतं. आता ट्यूबवर मार्करने उघडल्याची तारीख लिहिते, दुधाच्या कॅलेंडरसारखी.

त्यांनी मला रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन दिलं. वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वाढतात, आणि त्याला अडवायला आयर्न ऑक्साइड लागतं, जे त्या छटेत असतं. ते मी मेकअप समजून टाळायचे.

मग त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. अमेरिकेतला एक ६९ वर्षांचा माणूस, २८ वर्षं मालवाहू ट्रक चालवलेला. चेहऱ्याची उजवी बाजू साठीतली, डावी अशी लोंबलेली आणि सुरकुतलेली की दोन माणसं जोडल्यासारखी. तिकडे स्टिअरिंग डावीकडे. अतिनील किरणांचे दोन प्रकार, युव्हीबी आणि युव्हीए. काच युव्हीबी बरंचसं अडवते, युव्हीए आत येऊ देते, आणि तेच खोल जाऊन त्वचेला घट्ट धरून ठेवणारा कोलाजेन मोडतं. २०१२ साली वैद्यकीय नियतकालिकात तो फोटो छापून आला.

मला त्या माणसाकडे बघून अण्णा आठवले. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, ३१ वर्षं. लहानपणी मी त्यांना विचारायचे, "अण्णा, तुमचा एक गाल काळा का?" ते म्हणायचे, "तो कुर्डुवाडीकडचा." परतीच्या बसमध्ये मी चक्क रडले, खिडकीशी. मग उठून आतल्या सीटवर गेले.

पाचव्या महिन्यात वांगासाठी अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड सुरू झालं आणि पुढे, त्वचा सावरल्यावर, रात्री ट्रेटिनॉइन, सगळ्यात हलकं. हो, तेच, जे त्या ट्यूबमध्ये होतं. यावेळी एकटं, आठवड्यातून दोनच रात्री, मटाराच्या दाण्याएवढं, आणि वरून मॉइश्चरायझर. तिसऱ्या आठवड्यात तोंडाच्या कडेने कोंड्यासारखी सालं निघाली, मी घाबरून फोन केला, त्या म्हणाल्या, एक रात्र कमी करा. बारीक सुरकुत्यांवर खरा पुरावा असलेलं जे थोडंफार आहे त्यात हे येतं, पण फरक दिसायला चार ते सहा महिने. आणि गरोदरपणात हे चालत नाही, तेव्हा भाचे, लग्नानंतर आधी डॉक्टरांना विचार.

आईला यातलं काही पटलेलं नाही. "आम्ही साय आणि डाळीचं पीठ लावलं, आमचं काय बिघडलं?" तिचं खरंच काही बिघडलं नाही. पण ती बावीस वर्षं दुपारी बारा वाजता स्कूटीवर नव्हती, माजघरात होती. सायीला माझी ना नाही. लिंबाला आहे. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की डाग कमी व्हायचे सोडून भाजल्यासारखे नवे पडतात, हे मी कॉलेजात स्वतः करून पाहिलंय. उटणं वर्षातून एकदा, नरकचतुर्दशीला, पहाटे, गालालासुद्धा. नागरमोथा-कचोऱ्याच्या त्या वासापुढे मी डॉक्टरांचंही ऐकत नाही.

भाचीकडे अकरा बाटल्या आहेत. तांदळाच्या पाण्याचं टोनर, नायसिनामाइड, गोगलगायीचं काहीतरी. वय वर्षे तेवीस. तिला म्हटलं, यातल्या आठ तुझ्या मैत्रिणीला दे. ती म्हणाली, "मावशी, तिच्याकडे चौदा आहेत."

माझा खर्च महिन्याला सातशेच्या आसपास, त्यातले साडेचारशे एकट्या सनस्क्रीनचे. वांग पूर्ण गेलेले नाहीत, मे महिन्यात डोकं वर काढतात. लाल शिरा डाव्या गालावर थोड्या राहिल्यात, त्या बहुधा राहतील. कपाळावरच्या आठ्या तशाच, त्या उन्हाच्या नाहीत, हप्ते चुकवणाऱ्यांच्या आहेत.

मागच्या महिन्यात अण्णांच्या उजव्या गालाला दोन बोटं सनस्क्रीन लावलं. अठ्ठ्याहत्तर वय. ओसरीत बसून मुकाट्याने लावून घेतलं आणि मग म्हणाले, "आता काय, स्थळं बघतेस का मला?"

दुसऱ्या दिवशी ट्यूब संपली होती. कात्रीने मधोमध कापली. आत अजून तीन दिवसांचं निघतं.